कोणत्या लाईनीवर

मे महिना, भुसावळ. सकाळचे आठ
आणि रेल्वे मैदानाची माती आत्ताच तव्यासारखी.
पुण्याच्या क्लबनं माणूस पाठवला,
गळ्यात शिट्टी नाही, हातात कागदांचा गठ्ठा.
म्हणाला, आधी बुद्धी बघू, मग पाय.

चाळीस प्रश्न, पंधरा मिनिटं.
इन्स्टिट्यूटच्या हॉलात, कॅरमची टेबलं भिंतीला लावून
सव्वीस पोरं मांडी घालून बसली,
गुडघ्यावर पुठ्ठा, बुटांच्या नाड्या सोडलेल्या.
पेन्सिली मी वाटल्या, टोक काढून.

मला या परीक्षा ठाऊक आहेत.
इंजिनावर चढण्याआधी मीही दिलीये:
ठिपके मोजा, आकड्यांच्या गर्दीतले सात शोधा,
दिवा लागला की बटण दाबा.
पास झालो. एकतीस वर्षं गाडी चालवली.
तरी खंडव्याकडे जाताना, एका धुक्याच्या पहाटे
सिग्नल दिसायच्या आधीच हात ब्रेकवर गेला होता.
तो का गेला, ते कुठल्या रकान्यात लिहायचं
मला अजून कळलेलं नाही.
आता हेही खरं, की त्या परीक्षेनं ज्यांना नापास केलं
त्यांच्या गाडीत मी माझी पोरं बसवली नसती.

कौस्तुभ नेहेते, सावद्याचा. सदतीस गुण.
पोरगं पाससुद्धा हिशोबानं देतं,
बॉल पोचतो तिथं आपला माणूस आधीच उभा.
साहेब खूश.

रुबाब तडवी, यावलच्या वरचा, सातपुड्याला टेकलेल्या गावचा. नऊ.
तेराव्या प्रश्नावरच बसून राहिला होता:
दोन गाड्या समोरासमोर निघाल्या,
एकीचा वेग साठ, दुसरीचा चाळीस, अंतर दोनशे,
किती तासांनी भेटतील?
चार पर्याय. रुबाबनं एकालाही गोल केला नाही.
समासात लिहिलं, 'कोनत्या लाईनीवर?'

मी हसलो. मग हसू जागीच थांबलं.
एकाच लाईनीवर असतील तर त्या भेटताच कामा नयेत,
एकीला दुसखेड्याला लूपमध्ये उभं करावं लागेल.
आणि दोन लाईनी असतील तर भेट कसली,
नुसता वारा, आणि खिडकीतला हात आत.
साहेबांना म्हटलं, याला गुण द्या.
ते म्हणाले, रकाना नाही.

ऊन उतरल्यावर खेळ झाला.
रुबाब तोच प्रश्न आता मानेनं विचारत होता:
बॉल यायच्या आधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
कोण कुठल्या लाईनीवर आहे.
कौस्तुभचे पास, रुबाबचे दोन गोल.
मग सलग चार वेळा ऑफसाईड,
बोंब मारून सांगितलं तरी. 'काय करू राह्यला भो!'
साहेबांनी दोघांनाही नेलं.
तिसरा एक घेतला, गाडीत जागा होती म्हणून.

सहा वर्षं झाली.
कौस्तुभचा गुडघा दुसऱ्याच मोसमात गेला,
जळगावला पाईपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो,
एक नग इकडचा तिकडे होत नाही म्हणतात.
रुबाब दिवाळीआधीच परत आला.
भाजी गोड करतात तिथं, म्हणाला, रात्री झोप येत नाही.
आता रावेरला केळीच्या वॅगन भरतो,
रविवारी मैदानावर येतो, नऊ नंबरची बनियन घालून.
अजून ऑफसाईड.

आणि परवा टीव्हीवर, गोव्याच्या मैदानात,
मोठ्या क्लबच्या रंगात
डाव्या बगलेला एक ओळखीची धाव.
नाव काही आठवेना.
पेटीतून यादी काढली, बोट फिरवत खाली आलो.
सिद्धांत तायडे. एकवीस गुण.
शेऱ्याचा रकाना कोरा, अक्षर माझंच.

उद्या साहेब पुन्हा येतायत.
या वेळी कागद नाहीत म्हणे, टॅब आहेत,
बोट लावलं की निकाल.
टॅबला समास असतो का, ते फोनवर विचारायचं राहिलं.
पेन्सिलींना टोक काढून ठेवलंय,
सव्वीसच्या सव्वीस.