बाक

म्हात्रे पुलाच्या थोडं अलीकडे, नदीपात्रात,
नव्या पादचारी पुलाच्या पोटाखाली
मी स्टूल टाकून बसलेय रात्रभर.
वर वाळूची बाराशे पोती.
फुलवंता आणि तिच्या बायांनी दुपारभर वाहिली,
शेवटचं पोतं टाकून ती म्हणाली,
आता तुमचा पूल जाणे आणि तुम्ही.

डायल गेजचा काटा घड्याळाच्या काट्याहून आळशी.
नऊला चार पूर्णांक दोन मिलिमीटर.
बाराला पाच पूर्णांक सहा.
खाली जलपर्णीचा वास, डास, थर्मासमधला गार चहा.
खासनीस साहेब जाताना सांगून गेलेत:
पूल वाकला तर घाबरू नकोस,
नाही वाकला तर मला फोन कर.

बाबा चाळीस वर्षं परांचीवर चढले.
निम्मं कोथरूड त्यांच्या ओळंब्याला विचारून उभं राहिलं.
तिथून कधी पडले नाहीत.
पडले ते घरी, जनता वसाहतीत, न्हाणीत,
स्वतः बसवलेल्या फरशीवर.
उतार त्यांनीच काढलेला, फुटाला पाव इंच.
म्हणायचे, पाण्याला ढकलावं लागत नाही,
नुसती वाट दाखवायची.
त्या सकाळी पाण्याच्या वाटेनं तेही गेले,
बादलीपर्यंत.
खुबा मोडला.
शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारावं?
फरशी तडकली का?

दोनला सहा पूर्णांक एक.

कृतिका मल्लखांबाच्या बोंडावर एका पायावर उभी राहते,
तळव्याला एरंडेल, ओठ घट्ट.
वर चढायला तिला सहा महिने लागले,
खाली यायला दोन वर्षं, अजून शिकतेच आहे.
आई, उडी मारली ना, की मधे एकदा
वजनच नसतं, म्हणते.
मी मान हलवते.
माझा पगार त्या क्षणाच्या विरुद्ध बाजूनं येतो.

आणि मामा, कुंभारवाड्यातले.
ओल्या शाडूची सोंड वाळेपर्यंत पट्टीचा टेकू.
टेकू काढला की ती जराशी उतरणार,
म्हणून आधीच चार सूत वर ठेवतात.
आमच्यात याला कॅम्बर म्हणतात,
त्याची कोष्टकं असतात, सह्या असतात.
मामांकडे फक्त डावा डोळा, तोही मिटलेला.

पाचला सहा पूर्णांक चार.
सहाला तेवढाच.
संध्याकाळपर्यंत तेवढाच.
पुलाला पुरेसं झालं बहुतेक.

मग पोती उतरवायची, आणि पुन्हा एक दिवस बसायचं,
तो परत येतो का बघत.
नियम साधा आहे:
जेवढा वाकला त्याच्या पाऊणपट वर आला, की पास.
उरलेला पाव त्याच्यापाशीच राहतो, कायमचा.
त्याबद्दल कुणी त्याला काही विचारत नाही.
अठरा वर्षं नोकरी झाली,
हे वाक्य मी शंभर अहवालांत लिहिलं असेल,
कधी वाचलं नव्हतं.

घरी आले तर बाबा दारात, वॉकर धरून.
पाठीला बाक.
नजरेनं मोजायला लागले आणि माझीच मला लाज वाटली.
किती उतरला? त्यांनी विचारलं.
सहा पूर्णांक चार.
आणि आला किती?
पाच पूर्णांक एक.
त्यांनी भिंतीकडे बघत हिशोब केला.
बरा आहे, म्हणाले. सिमेंट खाल्लं नाही कुणी.

मग कृतिकाला हाक मारली:
तुझी एक गोटी आण. न्हाणीत सोड,
कोपऱ्यातून. ढकलू नकोस.
गोटी निघाली. फरशीच्या सांध्यांवर
टक, टक, टक, जाळीपर्यंत,
मग आवाज नाही.
जाते अजून, बाबा म्हणाले,
आणि वॉकरवरचा एक हात सोडून
सावकाश कान खाजवला.