परत गेल्याचं कारण

स्विंडनच्या या फ्लॅटच्या किल्ल्या
मी चौथ्यांदा ताब्यात घेते आहे.
करार तीन वर्षांचा. माणसं सात महिन्यांची.

काम सोपं आहे: यादी वाचायची, खुणा करायच्या.
सोफा एक, बरा. गाद्या दोन, बऱ्या.
बॉयलर चालू.
खिडकीच्या कडेला बुरशी, जुनीच,
धोपेश्वरकरांच्या आधीच्यांची, नाहीतर त्यांच्याही आधीच्यांची.
आणि सगळ्यात शेवटी एक चौकट:
परत गेल्याचं कारण. एकच निवडा.
काम जमलं नाही. भाषा. हवामान. कौटुंबिक.

काम तर निनादला जमलं होतं.
वेल्डिंगचा रोबो कुठे अडखळतो
हे त्यानं तिसऱ्या दिवशी नुसत्या आवाजावरून सांगितलं,
लाइनवरचा म्हातारा बॅरी त्याला 'निन' म्हणायला लागला.
भाषा म्हणाल तर ती बॅरीलाच धड येत नाही.
हवामान नोव्हेंबरात नोव्हेंबरासारखं वागलं, त्याचा काय दोष;
कंपनीनं यांना घर दाखवायला आणलं जूनमध्ये,
रात्री साडेनऊला बागेत पोरं खेळत असताना.

म्हणून सगळे 'कौटुंबिक'वर खूण करतात.
मीही तीनदा केली आहे.
कौटुंबिक म्हणजे बायको,
हे मात्र कुणी लिहीत नाही.

फ्रिजच्या बाजूला नगरपालिकेचं कचऱ्याचं कॅलेंडर:
काळा डबा, निळा डबा, बुधवार सोडून बुधवार.
आणि प्रत्येक तारखेवर एक शिक्का.
वाटलं, मुलानं खेळ केला असेल. चष्मा लावला.

डॉ. वैजयंती धोपेश्वरकर
दंतवैद्य
किल्ला भाग, मिरज

सप्टेंबरात ठसठशीत, चौकोनाच्या मधोमध,
जणू समोरचा पेशंट गाल धरून उठलाय.
ऑक्टोबरात जरा तिरका.
डिसेंबरात शाई विरळ.
जानेवारीतल्या एका रविवारी आठ वेळा, एकावर एक,
नाव वाचताच येऊ नये इतका.
अकरा फेब्रुवारीनंतर नुसता कागद.
तिकिटं मार्चची होती.

मी तिला दोनदा भेटले.
पहिल्यांदा विमानतळावरून आणताना,
तेव्हा मीच बोलत होते, नाचणीचं पीठ कुठे मिळतं वगैरे.
दुसऱ्यांदा तिनं विचारलं:
इथली परीक्षा द्यायची तर कुठे, फी किती, वर्षं किती?
म्हटलं, विचारून सांगते.
आमच्या माहितीपत्रकात शाळा आहे, बँक आहे, मंदिरसुद्धा आहे.
दातांचं पान नाही.
विचारायचं राहून गेलं.
राहून गेलं म्हणजे काय, मी विचारलं नाही.

तर या वेळी चौकटीबाहेर, समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
घर नोव्हेंबरात दाखवा.
एकाला पाठवताना दुसऱ्यालाही समोर बसवून विचारा,
काय बंद करून येताय,
ते इथे उघडायला किती लागेल,
आणि तेवढे पैसे सोफ्याच्या आधी बाजूला काढा.
कॅलेंडरचा फोटो जोडला.

रेडिंगच्या ऑफिसातून उत्तर आलं दोन ओळींचं:
कृपया एकच पर्याय निवडावा.
जोडपत्र उघडत नाही.

केली खूण. कुठे, ते तुम्हाला ठाऊक आहे.
कॅलेंडर यादीत नव्हतं, म्हणून माझ्या पिशवीत आलं.

एक तारखेला नवे येणार, चाकणचे मुळगुंद.
फाइलमध्ये त्याची चार पानं.
तिच्या नावापुढे एकच शब्द: सोबत.
घड्याळात साडेपाच तास मिळवले आणि फोन लावला.

"रेणुकाताई, तुम्ही काय करता?"
पलीकडे घरघर चालली होती, लाकडात काहीतरी शिरत असल्यासारखी.
"थांबा हं," ती ओरडली, "मशीन बंद करते."

मी पेनाचं टोपण काढलं.