रुमालाखालचा भाव

अण्णांचा सौदा रुमालाखाली व्हायचा.
मार्केट यार्डात, हळदीच्या थप्पीला टेकून,
दोन हात कापडात शिरायचे,
बोटं बोटांना दाबायची
आणि भाव ठरायचा.
ओठ मिटलेले.

मी त्यांची मुलगी, ओरडायला शिकले.
गेम यायच्या आधी वर्षभर ओरडायचं,
ट्रेलरमधला राक्षस गेममध्ये नसला तरी ओरडायचं,
आजच नाव नोंदवा, सोनेरी तलवार फुकट!
पी हळद नि हो गोरी,
हे मी सहा भाषांत विकलं.
पहिल्या बढतीला अण्णा फोनवर एवढंच म्हणाले,
'अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नकोस, त्रिशला.'

अकरा गेम. त्यातल्या सातांचे सर्व्हर आता बंद.
पोरांच्या त्या तलवारी कुठं गेल्या,
मला विचारू नका.

मार्चमध्ये आमचा विभागही बंद झाला,
व्हिडिओ कॉलवर, नऊ मिनिटांत.
सांगलीला आले, विश्रामबागच्या घरी,
तर अण्णा भडंगाची वाटी मांडीवर घेऊन
माझाच गेम खेळत होते.
शेवटचा. ज्याच्या जाहिरातीला
मला एक रुपया मिळाला नव्हता.

'हा तुम्हाला कुणी दिला?'
'तात्या हमालाच्या नातवानं. सगळं यार्ड खेळतंय.'

'कसाय?'

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला,
खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर ओढला
आणि आत तीन बोटं दाबली.

तीन. पाचातले, दहातले, की शेकड्यातले?
नुसती बसून राहिले,
टॉवेलाखाली हात तसाच ठेवून.