मागं किती

निजाम तांबोळीनं गाडी डबल स्टँडवर घेतली
आणि पहिलाच प्रश्न टाकला:
मागं किती?

मी म्हणालो, कधी?

तो हसला नाही.
हुक पान्याचं टोक स्प्रिंगखालच्या कड्यात अडकवून
तसाच उकिडवा बसून राहिला,
विट्याच्या एसटी स्टँडमागं, उतरत्या उन्हात.

मग सांगावंच लागलं सगळं.
गार्डीतून निघताना वीस ट्रे, म्हणजे सहाशे अंडी,
तेहेतीस किलो, वर रबरी पट्ट्यांचा ताण.
विट्यात नऊ उतरतात.
रेणावीचा घाट चढताना अकरा.
खानापुरात शेवटचा भुर्जीवाला उरलेले घेतो
आणि दहाच्या नोटा थुंकी लावून मोजतो.
तिथून परत नुसते पुठ्ठे,
एकात एक बसलेले, बिनवजनाचे, आणि मी.
मग विट्यात शाळेच्या फाटकापासून
सानिका. दप्तरासकट बेचाळीस.

मग जुळवू कुणासाठी? निजाम म्हणाला.

गाडी जुनी घेतलेली.
आधीचा मालक मागं खताची पोती न्यायचा,
त्यानं शॉकअप पाचव्या खाचेवर चढवून ठेवलेले.
मला खाच असते हेच माहीत नव्हतं.
दोन वर्षं त्याची पोती मी वाहिली
मोकळ्या गाडीवर,
दर गतिरोधकाला, कमरेत.

आणि अंड्यांनी वाहिली.
तडकलेली दुकानदार परत करतात,
ती रात्री आमच्या तव्यावर येतात.
सानिका टरफलं मोजते, वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
सोमवार, रस्ता सात अंड्यांचा.
बुधवार, रस्ता अकराचा, खडी टाकली वाटतं.

निजामनं बायकोचा शिवणाचा टेप काढला,
आसाच्या नटापासून सीटखालच्या बोल्टापर्यंत धरला.
बसा. पाय वर घ्या. आता हलू नका.
किती दबली ते खडूनं फरशीवर लिहिलं.
मग मागं त्याचा पोऱ्या बसवला, पुन्हा लिहिलं.
आकड्यांकडं बराच वेळ बघून म्हणाला,
तिसरी लावतो. सरासरी.

पण सरासरी कधी गाडीवर बसत नाही, मी म्हणालो,
बसतात ती अंडी, नाहीतर पोरगी,
नाहीतर कुणीच नाही.

बरोबर आहे, म्हणाला,
आणि पाना माझ्या हातात दिला.
जुनाच आहे. ठेवा. फिरवत राहा.
फक्त दोन्ही अंगांना सारखी खाच,
नाहीतर गाडी एका बाजूचं ऐकायला लागते.

तेव्हापासून खानापुरात भुर्जीच्या धुरात
मी गाडीमागं गुडघे टेकतो.
कड. कड. पहिलीवर.
पहिल्याच दिवशी सायलेन्सरनं मनगटावर शिक्का मारला.
पण रेणावीचा उतार
कुणी चादर झटकावी तसा पायाखालून गेला,
आणि मला कळलं की रस्ता वाईट नव्हता,
निदान इतका नव्हता.

विट्यात फाटकासमोर पुन्हा बसायचं, चौथीवर न्यायचं.
सानिका म्हणाली, पप्पा, इथं नको ना, सगळ्या बघतात.
म्हणून आता झेरॉक्सच्या दुकानापलीकडं थांबतो,
ती यायच्या आधी उरकतो,
हात पँटला पुसून, पाना डिकीत टाकून
सहज उभा असल्यासारखा उभा राहतो.

काल उभा होतो.
ती आली, दप्तर न उतरवताच म्हणाली,
मी मैत्रिणींबरोबर एसटीनं येते.
मी म्हणालो, ये की.

पाना हाताशी होता. काढला नाही.
चौथीवरच गेलो गार्डीपर्यंत,
मोकळी गाडी, टणटण उडत,
ओढ्याच्या पुलावर तर सीटवरून वीतभर वर.

रात्री तिनं वही उघडली.
एकही अंडं तडकलेलं नव्हतं.
गुरुवार, तिनं लिहिलं, रस्ता शून्याचा.
आणि माझ्याकडं बघून म्हणाली,
मग पप्पा, पाठीला बाम कशाला?