गुरुवारची सही

शुक्रवारी पहाटे चारला डिस्क गेली.
काही आवाज झाला नाही. मी कॉफीत साखर ढवळत होते
आणि बाहेर बुरा वाऱ्यात
क्रेनच्या तारा किडक्या दाढेसारख्या ठणकत होत्या.

रिएकाच्या धक्क्यावर आमचं ऑफिस.
इथे जहाजं बनत नाहीत, जहाजांचे नकाशे बनतात,
एकोणचाळीस हजार, आणि प्रत्येकाची कुंडली :
कोणी काढला, कोणी तपासला,
कोणत्या तारखेला कोणाचं मत बदललं.

व्लास्तानं फोनवर एवढंच विचारलं, बॅकअप आहे ना?
आहे, म्हटलं.
हा शब्द इतक्या हळू
मी याआधी कधी उच्चारला नव्हता.

तळघरातल्या कपाटात टेपा.
लेबलांवर माझंच अक्षर, निळ्या पेनचं :
सोमवार, मंगळवार, बुधवार.
गुरुवारचीही होती. कोरी.
मशीननं तसं लॉगमध्ये लिहून ठेवलं होतं.
लॉग कोणी वाचत नाही.
म्हणजे मी. मी वाचत नाही.

डेटाबेसची नक्कल मात्र रोज मध्यरात्री
टेकडीवरच्या इमारतीत जाते. ती शाबूत, थेट गुरुवारपर्यंत.
एकाच घराच्या दोन आठवणी माझ्या हातात,
मध्ये एका दिवसाची फट.

जोडल्या. स्क्रीन उजळली.
क्रेशो टाळीसाठी हात उचलणार, तेवढ्यात
मी एक नकाशा उघडला.
नाव होतं. तारीख होती. सही होती.
आत काहीच नव्हतं.
अशी दोनशे चौदा नावं,
दारावर पाटी आणि दारामागे मोकळं मैदान.

यावर उपाय एकच :
डेटाबेसलाही बुधवारवर मागे न्यायचं.
फायलींना जे आठवत नाही
ते नोंदींनीही विसरायचं.
हुकूम एका ओळीचा.
एंटर दाबायला मला वीस मिनिटं लागली.

कारण गुरुवारी तोन्ची निवृत्त झाला होता.
बेचाळीस वर्षांनंतरची शेवटची सही :
फेरीबोट, गोड्या पाण्याची टाकी, फ्रेम एकसष्ट,
दुपारी तीन वाजून अकरा मिनिटं.
मग केक. मग मीच त्याचं खातं बंद केलं होतं.

गेलो बुधवारवर.
तोन्ची पुन्हा कामावर हजर,
नावापुढे हिरवा ठिपका,
अंगावर सात कामं बाकी.

शनिवारी तो आला, केस वाऱ्यानं विस्कटलेले,
बहिणीकडच्या सुक्या अंजिरांची पिशवी घेऊन.
त्याची खुर्ची आता इनेसची. ती उठून उभी राहिली.
आल्या आल्या त्यानं खुर्चीची उंची बदलली.

काय बदललं होतंस रे?
जाडी. बाराची चौदा.
आणखी?
त्यानं उत्तर दिलं नाही, हातानं रेघ पुढे नेली.
आम्ही मागे उभे, कोणाचं पोट गुरगुरलं तेही ऐकू आलं.
मग तो थांबला. झाकणाचं भोक
बोटभर डावीकडे सरकवलं.
हे इथे नव्हतं, क्रेशो म्हणाला.
नव्हतंच. गुरुवारी चुकलं होतं.
वेल्डरचा हात तिथे पोचलाच नसता.
मग सही कशी केलीस?
तोन्ची अंजीर चावत म्हणाला,
केक कापायचा होता ना.

दुपारी नव्या टेपांचं खोकं आलं.
बैल गेला नि झोपा केला,
पण झोपा तरी केला.

बदलाचं कारण लिहायची एक चौकट असते.
त्यात त्यानं लिहिलं : पुन्हा पाहिलं.
सही. बारा वाजून चाळीस मिनिटं.

आता मी रोज सकाळी लॉग वाचते, कॉफीच्या आधी.
तोन्चीचं खातं सोमवारी बंद करणार होते.
आज बुधवार.
हिरवा ठिपका अजून आहे.