कलम नऊ

कलम नऊ : भिंतीला खिळा ठोकू नये.
ठोकल्यास वीस रियाल.
म्हणून रुवीतल्या या घरात
चार वर्षं आमचं घड्याळ
फ्रिजवर बसून आहे.

यंदा मृदुलानं वहीत आखलं :
पस्तीस रियाल, वर एक बैसाही नाही.
वादी कबीरच्या बाजाराबाहेर सोफा मिळाला,
कायमची परत निघालेल्या एका नर्सचा.
सहा म्हणाली, साडेचारला दिला,
वर कढीपत्त्याची कुंडी फुकट.
पडदे जुन्या चादरींचे, शिलाई घरची,
एक बाजू चार बोटं आखूड;
तिथून समोरच्यांचा गळका एसी दिसतो.
रंग उरल्यासुरल्या डब्यांतला,
दोन पिवळे एकत्र कालवून.
जिथे दुसरा हात पुरला नाही
तिथे कपाट सरकवलं.

पण त्याआधीची गोष्ट.
भिंत खरवडताना अर्णिका ओरडली,
"बाबा, इथं काहीतरी टोचतंय!"
पांढऱ्या रंगाच्या चार-पाच पापुद्र्यांखाली
एक खिळा.
आमच्या आधीच्या कुणीतरी
भरले असतील वीस रियाल,
किंवा ओल्या रंगात दडवला असेल घाईघाईनं,
विमानाच्या आदल्या रात्री.

आता यावर काय?
घड्याळ, की आईंचा फोटो,
की अर्णिकाचं पोहण्याचं पदक?
तिघांची तीन मतं.
वहीत उरलेत सहाशे बैसा.
दोन दिवस झाले, खिळा रिकामाच आहे.
येताजाता जो तो
त्याला हलवून बघतो :
पक्का आहे.