बत्तिसावी

एरंडवण्यातल्या तळघरात
दिवा मालवून मी तुटी मोजते.
एक पेशी, शेहेचाळीस धागे.
अशा पन्नास.

येमूल श्रीजा, वय सात, भवानी पेठ.
अंगठे जन्मतःच नाहीत.
'भावंडं' या रकान्यात: एक भाऊ,
रक्ताचा कर्करोग, अकराव्या वर्षी गेला.
'आई-वडिलांचं नातं': मामा-भाची.

परवा नळीत औषध सोडलं.
दुसऱ्या कुणाच्या पेशी रातोरात सांधून घेतात,
हिच्या उसवतच गेल्या.
बाराव्या पेशीत सात तुटी.
एकोणिसावीत दोन तुटकी टोकं
भलत्याच धाग्याला जाऊन चिकटलीत,
घाईत चुकीच्या काजात गेलेल्या बटणासारखी.
पुढं जे वाढेल
ते याच चुकीवर वाढेल.

तिची आई फॉल-पिको करते.
रक्त घेताना म्हणाली,
"ताई, कुठून उसवलंय तेवढं सांगा.
बाकीचं आम्ही बघतो."

कर्वे रोडवरून मेट्रो जाते.
काच थरथरते, मोजणी चुकते,
एकतिसावी पुन्हा पहिल्यापासून.

संमतीपत्रावर आईची सही,
आणि शेजारी, हट्टानं,
श्रीजाच्या तर्जनीचा निळा ठसा.
भिंगाखाली धरून पाहिला, उगीचच.
एकही रेघ तुटलेली नाही.

बत्तिसावी.